मसुरीच्या वाटेवर सहा ठिपक्यांचं गाव

मसुरीला निघालेला मराठी पर्यटक डेहराडूनला फारसा रेंगाळत नाही. सकाळी गाडीतून उतरायचं, स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायची, वाटेत कुठंतरी आलू पराठा आणि चहा उरकायचा आणि डोंगराकडे तोंड करून निघायचं, हा ठरलेला शिरस्ता. परतीच्या प्रवासात अर्धा दिवस हाताशी असलाच, तर सहस्रधारेचं गंधकाचं पाणी, वनसंशोधन संस्थेची भव्य इमारत आणि पलटन बाजारातून पिशवीभर बासमती. झालं डेहराडून!

या पलटन बाजाराच्या तोंडाशी घंटाघर आहे. ते षट्कोनी आहे. सहा बाजू, सहा घड्याळं. तिथून राजपूर रोड निघतो आणि हळूहळू चढत राजपूर गावाकडे जातो. मोटारीचा रस्ता होण्याआधी मसुरीला जाणारी मंडळी राजपूरपर्यंत गाडीने येत आणि पुढचा चढ तट्टावर नाहीतर दांडीत बसून पार करीत. आता या रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, हॉटेलं, बेकऱ्या आणि शोरूमची रांग लागली आहे. तरी मधूनच एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारातलं लिचीचं झाड डोकावतं. हवा स्वच्छ असली की समोर मसुरीचा डोंगर दिसत राहतो.

याच रस्त्यावर ११६ क्रमांकाचं एक मोठं, झाडांनी भरलेलं आवार आहे. टॅक्सी त्याच्यासमोरून सुसाट निघून जाते. फाटकाच्या आसपास पांढरी काठी घेतलेली मुलंमुली दिसतात. काठीचं टोक रस्त्याच्या कडेला टेकवत, एकमेकांच्या कोपराला धरून, मोठमोठ्यानं गप्पा मारत ती चाललेली असतात. आपल्या कॉलेजच्या पोरांसारखीच. ही राष्ट्रीय दृष्टिदिव्यांगजन सशक्तीकरण संस्था. जुन्या लोकांच्या तोंडी अजून तिचं पूर्वीचं इंग्रजी लघुरूप आहे, ‘एनआयव्हीएच’.

या मुलांनी दृष्टीवाचून जगायचं कसं, हा प्रश्न पाहुण्याच्या मनात पहिल्यांदा येतो. तो प्रश्न त्यांनी आपल्यापरीनं सोडवलेला असतो. जो सुटलेला नाही, तो वेगळाच आहे. ही मुलं वाचतात काय? आणि ते त्यांच्या हातात वेळेवर देतं कोण?

युद्धाने दिलेली शाळा

या आवाराची गोष्ट सुरू होते ती दुसऱ्या महायुद्धात. भारतीय सैनिक आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात लढले आणि त्यांतले काही डोळे गमावून परतले. त्यांच्यासाठी १९४३ मध्ये डेहराडूनला ‘सेंट डन्स्टन्स’ नावाचं वसतिगृह सुरू झालं. नाव लंडनचं. तिथे पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी १९१५ मध्ये आर्थर पिअर्सन यांनी याच नावाची संस्था काढली होती. पिअर्सन हे वृत्तपत्रांचे मालक. त्यांची स्वतःची दृष्टीही गेलेली होती.

डेहराडूनच्या केंद्राची सूत्रं आली सर क्लुथा मॅकेंझी यांच्याकडे. हे गृहस्थ न्यूझीलंडचे. वयाच्या विशीत, १९१५ साली, गॅलिपोलीच्या लढाईत त्यांचे दोन्ही डोळे गेले. लंडनच्या सेंट डन्स्टन्समध्ये ते सावरले, सैनिकांसाठी नियतकालिक चालवलं, पुढे न्यूझीलंडच्या संसदेतही बसले. असा माणूस दून खोऱ्यात येऊन आपल्या जवानांना पुन्हा उभं राहायला शिकवत होता.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये भारत सरकारने ही जागा आपल्याकडे घेतली आणि प्रौढ अंधांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. १९५१ मध्ये इथे मध्यवर्ती ब्रेल छापखाना उभा राहिला. १९५९ मध्ये मुलांची शाळा आली. १९६३ मध्ये ग्रंथालय सुरू झालं. १९७९ मध्ये या सगळ्याची मिळून राष्ट्रीय संस्था झाली.

आणि योगायोग असा, की याच रस्त्याच्या वरच्या टोकाला, राजपूरला, त्याहूनही जुना धागा आहे. भारतातली अंधांची पहिली शाळा अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी १८८७ मध्ये अमृतसरला काढली होती. ती १९०३ मध्ये राजपूरला हलवण्यात आली. आजही ‘शार्प मेमोरियल’ या नावाने ती ओळखली जाते. म्हणजे या एकाच रस्त्याने अंधांच्या शिक्षणाचं एक शतक आणि वर काही वर्षं पाहिली आहेत.

क एकच, भाषा अनेक

ब्रेल लिपी लुई ब्रेल या फ्रेंच मुलाने १८२४ मध्ये तयार केली, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. सहा ठिपके, दोन उभ्या ओळींत तीन-तीन. त्यांच्या वेगवेगळ्या जुळणीतून ६३ खुणा तयार होतात. फ्रेंच किंवा इंग्रजीला त्या पुरल्या. भारतात मात्र गंमत झाली. जो तो शिक्षक आपापल्या भाषेसाठी आपापली ब्रेल बसवू लागला. कोलकात्याची वेगळी, म्हैसूरची वेगळी, मिशनऱ्यांची आणखी वेगळी. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचं पुस्तक लागेना. मुळात पुस्तकं मूठभर आणि त्यांचेही असे तुकडे!

सरकारने १९४९ मध्ये युनेस्कोकडे हा प्रश्न नेला. ज्या सल्लागाराकडे तो सोपवला गेला, ते पुन्हा आपले मॅकेंझीच. १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ठरली. तिचं तत्त्व साधं आहे. ज्या ध्वनीला मराठीत जी खूण, त्याच ध्वनीला बंगालीत, तमिळमध्ये, पंजाबीतही तीच. आपला ‘क’ म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. कोलकात्याच्या मुलाच्या बोटालाही ‘क’ तसाच लागतो आणि चेन्नईच्या मुलाच्याही. डोळ्यांनी वाचणाऱ्या आपल्याला देशातल्या दहा लिप्या आडव्या येतात. बोटांनी वाचणाऱ्याला एकच पुरते. भाषा मात्र ज्याची त्याने शिकायची.

देवनागरीतली एक खोडही तिथे सुटली. आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि ‘क’ नंतर. बालवाडीतली पोरं इथेच गोंधळतात. ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘इ’, जसा उच्चार तसा क्रम. पाटी आणि स्टायलसने ब्रेल लिहिताना मात्र उजवीकडून डावीकडे टोचत जावं लागतं. कागद उलटला, की ठिपके वर येतात आणि वाचन डावीकडून उजवीकडे होतं. म्हणजे लिहिणारा प्रत्येक अक्षराचं आरशातलं रूप मनात धरून लिहीत असतो. पाचवी-सहावीतली मुलं हे सहज करतात.

एका पुस्तकाचं वजन

लिपी ठरली, छापखाना आला, म्हणजे पुस्तकांचा प्रश्न मिटायला हवा होता. तो का मिटला नाही, हे ब्रेल पुस्तक हातात घेतल्यावरच कळतं.

ब्रेलचा कागद जाड असतो, कारण ठिपका बोटाखाली दबून जाता कामा नये. अक्षर लहान करता येत नाही, कारण बोटाच्या टोकाला एका वेळी एकच चौकट नीट लागते. त्यामुळे एका छापील पानाची ब्रेलमध्ये साधारण अडीच ते तीन पानं होतात. तीनशे पानांची कादंबरी घ्या. तिची आठ-नऊशे पानं होणार. ती एका बांधणीत मावत नाही, तिचे पाच-सहा जाडजूड खंड करावे लागतात. हे खंड एकावर एक दाबून ठेवले तर ठिपके बसतात. म्हणून ते उभे ठेवायचे, ओलीपासून जपायचे. एखाद्या वाचनालयाने शंभर पुस्तकं घ्यायची म्हटली तर एक खोली त्यातच जाते. ब्रेल पुस्तकांचं टपाल भारतीय डाक विभाग विनामूल्य नेतो, म्हणून ती दूरच्या गावापर्यंत पोचू तरी शकतात.

छापखान्याचा भर साहजिकच शालेय पुस्तकांवर असतो. शाळा संपली की खरी पंचाईत. समजा, एखादी मुलगी बी.ए.ला इतिहास घेऊन बसली आहे. जूनमध्ये यादी लागते. तिच्या मैत्रिणी संध्याकाळीच दुकानातून पुस्तक आणतात. तिच्यासाठी ते पुस्तक बाजारात असूनही नसतं. ते कुणीतरी उतरवून द्यायचं असतं. परीक्षा मार्चमध्ये आहे आणि पुस्तक फेब्रुवारीत हातात आलं, तर त्याचा उपयोग किती? नापास झाली तर लोक म्हणणार, बिचारी आंधळी, तिला कसं जमणार! पुस्तक उशिरा आलं होतं, हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

जगभरच्या अंधांच्या संघटनांनी या स्थितीला ‘पुस्तकांचा दुष्काळ’ म्हटलं आहे. दुष्काळ हा शब्द आपल्याला समजावून सांगायला नको. धान्य कुठंतरी असतं आणि तरी माणसं उपाशी राहतात, तोच प्रकार. आणि दुष्काळात सरकारी मदतीबरोबर गावकऱ्यांचे हातही लागतात. इथे ते हात स्वयंसेवकांचे आहेत.

आवाज देणारे

सर्वांत जुनी स्वयंसेवा हाताची. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून कितीतरी बायका घरी बसून पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवीत. एक प्रत तयार व्हायला महिनेच्या महिने जात. पुढे आला आवाज. आपल्याकडे कॅसेटचा काळ अनेकांना आठवत असेल. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर एक बाजू संपली की उलटायची. एका पुस्तकाच्या दहा-बारा कॅसेट होत. पान सत्याऐंशी शोधायचं असेल तर पुढे-मागे फिरवत बसायचं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नेमकी फीत गुंतायची!

आता ‘डेझी’ नावाची डिजिटल पद्धत आहे. तिच्यात वाचकाला प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर उडी मारता येते, खूण ठेवता येते, वेग कमी-जास्त करता येतो. पण पुस्तक वाचणारं माणूस अजून लागतंच.

पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करायचं म्हटलं की अनेकांना वाटतं, आपला आवाज कुठे रेडिओवरच्यासारखा आहे? इथे तशा आवाजाची गरज नसते. गरज असते ती स्पष्ट उच्चारांची, एकसारख्या गतीची आणि धीराची. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आधी सांगायची. पान बदललं की क्रमांक सांगायचा. तळटीप आली तर ती टीप आहे हे सांगून वाचायची. परक्या नावाचं स्पेलिंग द्यायचं. पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, आणि शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबायचं. नाट्यवाचनाचा मोह आवरायचा. पात्र रडलं म्हणून आपण हुंदके द्यायचे नाहीत. रडायचं की नाही, ते ऐकणारा ठरवेल.

हिशेब मांडून पाहा. एका पानाला तीन मिनिटं धरली तर तीनशे पानांना पंधरा तास. चुका दुरुस्त करणं, पुन्हा वाचणं धरलं तर त्याच्या दुप्पट. एकट्या माणसाने आठवड्याला एकच तास दिला तर निम्मं वर्ष संपेल. पाच जणांनी दोन-दोन तास दिले, तर तीन आठवड्यांत पुस्तक तयार. त्या बी.ए.च्या मुलीच्या दृष्टीने जुलै आणि जानेवारी यांतला हा फरक आहे.

मात्र आवाज आला म्हणून ब्रेलची गरज संपली, असं म्हणणाऱ्यांनी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. कानाला दोन्ही सारखेच. बोटाला मात्र ऱ्हस्व ‘इ’ची खूण वेगळी लागते आणि दीर्घ ‘ई’ची वेगळी. ज्या मुलाने भाषा नुसती ऐकली, त्याला शुद्धलेखन शिकायचं कुठून? गणिताचं उदाहरण ऐकून सोडवता येत नाही, ते हाताखाली असावं लागतं. म्हणून पहिलीतल्या मुलाच्या हातात ब्रेल पाहिजेच. मराठीत स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं, त्याचं मोल या दृष्टीनेही आहे. आपल्या भाषेतलं ताजं वाचन बोटांखाली आलं.

संगणक अडखळतो तेव्हा

गेल्या काही वर्षांत वाचनाचं मोठं दार उघडलं ते संगणकाने आणि मोबाइलने. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे प्रोग्राम आले. त्यातला ‘एनव्हीडीए’ नावाचा प्रोग्राम तर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी बनवला. करन यांनी २००६ मध्ये काम सुरू केलं. तो जगात कुणालाही फुकट मिळतो. हाच मजकूर ब्रेलच्या यंत्राला दिला की ठिपकेही उमटतात. म्हणजे एकदा शुद्ध मजकूर संगणकात आला की त्याचा आवाज करा, ब्रेल करा, कमी दिसणाऱ्यांसाठी मोठं अक्षर करा.

अडचण आहे ती ‘शुद्ध’ या शब्दात. पुस्तक स्कॅन केलं की संगणकाला मिळतो तो पानाचा फोटो. फोटोतली अक्षरं ओळखणारे प्रोग्राम आहेत, पण मराठीत ते ठेचकाळतात. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, रफार उडतो, जोडाक्षर तुटतं. ‘घर’चं ‘धर’ झालं तर डोळस वाचक हसून पुढे जाईल. ऐकणारा मात्र वाक्याशीच अडून बसतो. कारण समोर पान नाही, खात्री करायला जागा नाही.

मराठीचं आणखी एक खास दुखणं आहे. आपली कितीतरी पुस्तकं जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. पडद्यावर अक्षर मराठी दिसतं, पण आत संगणकाने साठवलेली असते रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. वाचून दाखवणारा प्रोग्राम ती खिचडीच वाचतो. प्रकाशकाने मोठ्या मनाने फाइल दिली, तरी ती आधी युनिकोडमध्ये आणून ओळ न् ओळ तपासावी लागते.

हेच आजच्या स्वयंसेवकाचं मुख्य काम. मूळ पुस्तक शेजारी ठेवायचं आणि पडद्यावरचा मजकूर अक्षर लावून वाचायचा. शाळेत ज्यांना बाईंनी शुद्धलेखनासाठी दहादा लिहायला लावलं, त्यांनी इथे जरूर यावं! प्रकरणांच्या शीर्षकांना खुणा करायच्या, म्हणजे वाचकाला थेट तिथे जाता येईल. तक्ता असेल तर रकाने जुळवायचे. आणि चित्र असेल तर ते शब्दांत सांगायचं.

चित्र सांगणं ही एक कलाच आहे. इतिहासाच्या पुस्तकात किल्ल्याचं चित्र आहे. ‘एका सुंदर किल्ल्याचं चित्र’ असं लिहिलं तर काहीच कळलं नाही. ‘डोंगरमाथ्यावर किल्ला, पुढे दोन बुरूज, बुरुजांमधे दरवाजा, दरवाजाकडे येणारी वाट वळसा घेऊन येते’ असं लिहिलं, तर शत्रूची अडवणूक कशी होत असेल, हे मुलाला स्वतःच उमगतं. जे दिसतं ते सांगायचं, मत सांगायचं नाही. भूगोलातला नकाशा असेल तर ज्यासाठी तो दिला आहे, तेवढंच नेमकं सांगायचं. नाहीतर नद्यांच्या नकाशातली जिल्ह्यांची नावं वाचून दाखवत बसण्यात अर्धा तास जायचा.

कायद्याने काढलेली कडी

बरीच वर्षं या कामावर एक टांगती तलवार होती. पुस्तकाचे हक्क लेखक-प्रकाशकांचे. ते परवानगीशिवाय उतरवणं म्हणजे कायदा मोडणं. प्रत्येक पुस्तकासाठी पत्रं लिहायची, उत्तराची वाट पाहायची. तोवर परीक्षा होऊन जायची.

२०१२ मध्ये भारताच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी ते वाचता येईल अशा रूपात आणायला आता परवानगी लागत नाही. अट इतकीच, की काम नफ्यासाठी नसावं, संस्थेने फक्त तयार करण्याचा खर्च घ्यावा आणि प्रत इतर बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यावी. पुढच्याच वर्षी, २७ जून २०१३ रोजी, मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. एका देशात तयार झालेलं असं पुस्तक दुसऱ्या देशात पाठवता यावं, हा त्याचा गाभा. हा करार मंजूर करणारा जगातला पहिला देश भारत होता, जून २०१४ मध्ये. ३० सप्टेंबर २०१६ पासून करार लागू झाला.

त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१६ रोजी, ‘सुगम्य पुस्तकालय’ हे इंटरनेटवरचं ग्रंथालय सुरू झालं. देशातल्या वेगवेगळ्या संस्थांनी तयार केलेली पुस्तकं तिथे एकत्र आली, त्यांत मराठीही आहेत. याआधी तेच पुस्तक पुण्यात एकजण उतरवत असे आणि इंदूरला दुसरा. दोघांना एकमेकांचा पत्ता नसे. आता एकदा केलेलं काम सगळ्यांच्या उपयोगी पडतं.

या सगळ्याचा लाभ फक्त पूर्ण अंधांना नाही. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची नोंद सुमारे ५० लाख आहे. त्याशिवाय डिस्लेक्सियामुळे ज्यांना अक्षरं लागत नाहीत, हातात बळ नसल्याने ज्यांना पुस्तक धरता येत नाही, तीही माणसं या कायद्यात आली. डेहराडूनच्या ग्रंथालयाचं इंग्रजी नावच मुळी ‘प्रिंट हँडिकॅप्ड’साठीचं, म्हणजे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचं, असं होतं. अडचण डोळ्यांत शोधण्याऐवजी कागदात शोधणारं ते नाव आहे. आपल्या घरातले आजोबा उतारवयात पेपर बाजूला ठेवून नुसते बसून राहतात, तेही याच रांगेत आहेत.

पुस्तक निवडायचं कुणी?

हातून चांगलं काम घडावं म्हणून येणारी मंडळी पुष्कळदा आपल्या आवडीचं पुस्तक घेऊन येतात. संतचरित्र, सुविचार, थोरांच्या गोष्टी. हेतू चांगला असतो. पण वाचकाला कुणी विचारलेलं नसतं. त्याला कदाचित स्पर्धा परीक्षेचं गाइड हवं असेल, रहस्यकथा हवी असेल, मोबाइल दुरुस्तीची माहिती हवी असेल. नव्याने लग्न झालेल्या मुलीला पाककृती हव्या असतील. आपण हे साप्ताहिक चाळताना आधी राशिभविष्य पाहतो की संपादकीय, हे आपण कुणाला विचारत नाही. ती मोकळीक दृष्टिहीन वाचकालाही असायला हवी.

म्हणून या कामाचा पहिला नियम असा, की यादी वाचकाची. दुसरा नियम वेळेचा. कबूल केलेली चाळीस पानं कबूल केलेल्या तारखेला द्यायची. ज्याला जमणार नसेल त्याने दहाच घ्यावीत. दयेच्या भरात पाचशे पानं घेऊन जाणारा आणि दिवाळीनंतर गायब होणारा स्वयंसेवक संस्थेला फार महागात पडतो, कारण त्याच्या कपाटात पडलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाला देता येत नाही आणि मुलीची परीक्षा काही थांबत नाही. भीड न बाळगता ‘जमणार नाही’ म्हणणारा माणूस त्यापेक्षा किती तरी बरा.

तुम्हाला करायचं असेल तर

यासाठी डेहराडूनला जायची गरज नाही. मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही १९५२ पासूनची संस्था आहे. सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र चालतं. इतर शहरांतही अंधशाळा आणि संस्था आहेत. आपल्या गावातल्या संस्थेत जाऊन आधी विचारावं, कोणतं पुस्तक अडलं आहे? घरी संगणक असेल आणि मराठी टंकलेखन येत असेल तर घरबसल्या काम होतं. संगणक नसेल तर आठवड्यातून एक तास शेजारच्या विद्यार्थ्याला समोर बसून वाचून दाखवता येतं. तेही पुस्तक पोचवणंच आहे. परीक्षेच्या हंगामात लेखनिक लागतात, त्यांचे नियम संस्था समजावून सांगते.

आणि मसुरीची सहल ठरलीच असेल, तर एक दिवस डेहराडूनसाठी ठेवा. मार्च-एप्रिल किंवा पावसाळा संपल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. लिची खायची असेल तर मात्र उन्हाळ्यात, जूनच्या सुमाराला जावं. दिल्लीहून रेल्वे आहे, रात्रंदिवस बसगाड्या आहेत. घंटाघरापासून राजपूर रोडने सकाळच्या वेळी चढत निघा. संस्थेत आत जायचं असेल तर आधी लिहून परवानगी घ्या. मुलांचे अभ्यासाचे तास चालू असतात आणि ती प्रेक्षणीय स्थळ नव्हेत. रस्त्यात कुणी काठीवाला भेटला तर न विचारता त्याचा हात धरून पलीकडे ओढू नका. ‘मदत हवी का?’ एवढं विचारा. हवी असेल तर तो आपणहून तुमचं कोपर धरेल, आणि पलीकडे पोचल्यावर राजपूरचा विक्रम कुठे थांबतो, हे बहुधा तोच तुम्हाला सांगेल.